कोविडच्या टाळेबंदीत मैदान बंद असताना पन्नाशीतला धावण्याचा सराव
दादा, टोरांटोची २०२० ची जागतिक मास्टर्स स्पर्धा (पस्तिशीपुढच्या धावपटूंची, मैदानी खेळाडूंची) रद्द झाली म्हणून हिरमुसू नका. पाया भरायला एवढी सवड पुन्हा मिळणार नाही. मैदानाला कुलूप आहे तोवर सोसायटीच्या जिन्यात पायरीच्या कडेला चवड्यांवर उभे राहा, कठडा धरा आणि टाचा अगदी सावकाश खाली सोडा, पंधरा वेळा. पोटरी आणि टाचेवरची शीर आपल्या वयात आधी दगा देते. गेल्या जूनमध्ये मैदान उघडलं त्याच दिवशी मी शंभर मीटर जीव तोडून पळालो, मांडीमागे कळ आली आणि सहा आठवडे घरी बसलो. तुम्ही सुरुवातीला निम्म्या जोरानेच पळा, स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) नंतर. कोविड होऊन गेला असेल तर डॉक्टरांनी हृदय तपासल्याशिवाय स्प्रिंट अजिबात नको.