आधी सही बघ

प्रिय मुला,

तुझं परवाचं पत्र दोनदा वाचलं. सोबत चिनी वर्तमानपत्रांतली ऑक्टोबर २०२५ मधली आठ कात्रणं आहेत. महिन्याच्या सुरुवातीला दुर्मीळ खनिजांच्या निर्यातीवरून अमेरिकेला झोडपणारे लेख. मग ३० तारखेला बुसानला शी आणि ट्रम्प भेटले आणि चीन-अमेरिका संबंधांचं महाकाय जहाज दोघांनी मिळून नीट हाकायची भाषा सुरू झाली. खाली तू विचारलं आहेस, "यातला खरा चीन कोणता?" आणि त्याच्याही खाली, बारीक अक्षरात, चार वर्षं चिनी शिकून एवढंही कळत नसेल तर सोडून देऊ का.

सोडायचं की नाही ते तूच ठरव. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. आठ कात्रणांपैकी एकावरही कुठल्या वर्तमानपत्रातलं, कितव्या पानावरचं, कोणाच्या सहीचं हे लिहिलेलं नाही. आधी सही बघ. मजकूर त्यानंतर.

'पीपल्स डेली' हे कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीचं मुखपत्र. त्यातही उतरंड आहे. सगळ्यात वर संपादकीय. त्याखाली 'आमचे समालोचक' असा निनावी लेख. त्याखाली टोपणनावं. परराष्ट्र विषयावर 'चोंग शंग' ही सही दिसते. तिचा अर्थ घंटेचा नाद, पण कानाला 'चीनचा आवाज' असंही ऐकू येतं. 'ग्लोबल टाइम्स' याच घरातलं, १९९३ साली निघालेलं, २००९ पासून इंग्रजीतही. आपल्याकडे सगळे तेच वाचतात, कारण ते इंग्रजीत मिळतं आणि त्याचा आवाज चढा असतो. पण थोरल्याने बैठकीत दिलेला शब्द आणि धाकट्याने अंगणात केलेला आरडाओरडा यांचं वजन एक नसतं, हे तुला मी सांगायला हवं का?

एक उदाहरण देते, ते आपल्या अंगावरचं आहे. "आधी सांगितलं नव्हतं असं मग म्हणू नका" अशा अर्थाचं एक जुनं चिनी वाक्य आहे. २२ सप्टेंबर १९६२ रोजी ते 'पीपल्स डेली'ने भारताला उद्देशून वापरलं. २० ऑक्टोबरला युद्ध सुरू झालं. डिसेंबर १९७८ मध्ये तेच व्हिएतनामला ऐकवलं आणि दोन महिन्यांच्या आत सैन्य घुसलं. २९ मे २०१९ रोजी ते अमेरिकेला उद्देशून आलं, दुर्मीळ खनिजांवरूनच, आणि जगभर मथळे झाले. पण १९६२ आणि १९७८ ला ते संपादकीयात होतं. २०१९ ला टोपणनावाच्या लेखात. वाक्य तेच, सही खालची. त्या वर्षी निर्यात थांबली नाही. ४ एप्रिल २०२५ ला सात खनिजांवर परवान्याची अट आली, म्हणजे जवळजवळ सहा वर्षांनी. त्या लेखात धमकी नव्हती असं मी म्हणत नाही. तिला मुदत घातलेली नव्हती, आणि ते सही बघितली असती तर कळलं असतं.

याची उलटी बाजूही बघ. जानेवारी १९६९ मध्ये 'पीपल्स डेली'ने अमेरिकेचे नवे अध्यक्ष निक्सन यांच्यावर जहरी लेख छापला, आणि त्याचबरोबर निक्सनचं शपथविधीचं भाषण अख्खं छापलं. शिव्या घरच्यांसाठी होत्या. अख्खं भाषण कोणासाठी होतं? २५ डिसेंबर १९७० ला पहिल्या पानावर माओंच्या शेजारी एक अमेरिकी पत्रकार उभा दिसला, एडगर स्नो. फोटो १ ऑक्टोबरचा, तिआनानमेनच्या सज्जावरचा. जवळजवळ तीन महिने तो का राखून ठेवला, हे वॉशिंग्टनमध्ये कोणी विचारलं नाही. चीनला बोलायचं आहे हा इशारा आम्हाला कळलाच नाही, हे निक्सनचे सल्लागार किसिंजर यांनी नंतर कबूल केलं. पुढच्या जुलैत ते स्वतःच गुपचूप बीजिंगला गेले.

आता माझं सांगते, कारण तू विचारलं नाहीस तरी ते तुला ठाऊक हवं.

एप्रिल २००१. चीनच्या हैनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान धडकलं, वांग वेई हा वैमानिक गेला, चोवीस अमेरिकी अकरा दिवस अडकून पडले. ११ तारखेला अमेरिकी राजदूताचं पत्र आलं. त्यात 'व्हेरी सॉरी' दोनदा होतं, एकदा वांग वेईच्या कुटुंबाला आणि एकदा तोंडी परवानगीशिवाय उतरल्याबद्दल. चिनी माध्यमांनी त्याचं 'शन ब्याओ छ्येन-यी' केलं. त्याला माफीचा वास येतो. पण रीतसर माफीचा शब्द 'दाओ छ्येन', आणि अमेरिकेने तो मुद्दाम टाळला होता. मी एका मराठी दैनिकाच्या परराष्ट्र डेस्कवर होते. पान सोडायला वीस मिनिटं उरली होती. मथळा दिला, 'अमेरिकेने चीनची माफी मागितली'. त्या खोलीत चिनी येणारी मी एकटी होते. दोन्ही पाठ टेबलावर होते. मी वाचले नाहीत. दुसऱ्या दिवशी कोणी तक्रार केली नाही, कोणाला कळलंच नाही, आणि तेच मला अजून सलतं.

तेव्हापासून मी हट्टी झाले. जुलै २०२० मध्ये अमेरिकेने ह्यूस्टनची चिनी वकिलात बंद करायला लावली, बदल्यात चीनने चेंगदूची अमेरिकी. मी लिहीत होते त्या ठिकाणी 'चीनची युद्धाची धमकी' असा मथळा हवा होता, आधार 'ग्लोबल टाइम्स'चा एक लेख. मी नाही म्हटलं. सदर बंद झालं. लोक म्हणाले, एका मथळ्यासाठी एवढं? हो, एवढं. युद्ध झालं नाही म्हणून मी बरोबर ठरले असं नाही; झालं असतं तरी तो मथळा चूकच होता, कारण त्या सहीला युद्ध पुकारायचा अधिकार नव्हता.

मात्र सहीमागचा राग दरवेळी वरून आलेला असतो असंही समजू नकोस. मे १९९९ मध्ये बेलग्रेडच्या चिनी दूतावासावर अमेरिकी बॉम्ब पडले. शिन्हुआ या चिनी वृत्तसंस्थेच्या शाओ युनह्वान, 'ग्वांगमिंग डेली'चे शू शिंगहू आणि त्यांची पत्नी चू यिंग गेले. तिघंही पत्रकार. त्या आठवड्यातले अग्रलेख लिहिणाऱ्यांची आपली माणसं गेली होती. ते वाचताना आजही माझा हात थांबतो. तुझाही थांबू दे.

तर कात्रणं परत पाठवतेय. प्रत्येकावर वर्तमानपत्र, पान, सही आणि चिनी मूळ मथळा लिही, मग तुझ्या प्रश्नाकडे येऊ. सोबत १९७९ च्या चीन-अमेरिका संयुक्त निवेदनाचे इंग्रजी आणि चिनी दोन्ही पाठ आहेत. तैवान चीनचाच या चिनी भूमिकेबद्दल इंग्रजीत 'ॲक्नॉलेजेस' आहे, म्हणजे नुसती दखल, आणि चिनीत 'छंगरन', ज्याचा अर्थ मान्यता देण्यापर्यंत जातो. १९७२ च्या शांघाय निवेदनात त्याच जागी चिनीत निराळा शब्द होता. तो शोध, आणि रविवारी फोन कर. दुपारी नको, मी झोपलेली असते.

तुझी,
मावशी