₹६०,००० मध्ये गेमिंग कॉम्प्युटर असेंबल करायचा आहे. दुकानदाराने दिलेले कोटेशन घ्यावे का?

तुमच्या प्रश्नानुसार नांदेडच्या एका दुकानदाराने ₹६०,००० मध्ये ‘आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, आरजीबी (रंगीत दिव्यांचे) कॅबिनेट’ असे कोटेशन दिले आहे, मॉनिटर घरात आहे आणि फुल एचडीवर व्हॅलोरंट, जीटीए फाइव्ह व अधूनमधून एखादा नवा गेम खेळायचा आहे. माझ्या मते हे कोटेशन स्वीकारू नये, कारण त्यात ज्या गोष्टी लिहायला हव्यात त्या लिहिलेल्याच नाहीत.

आय-सेव्हन कोणत्या पिढीचा, हे आधी विचारा. कार्यालयांतून निघालेल्या जुन्या मशीनमधले प्रोसेसर नव्या चकचकीत कॅबिनेटमध्ये बसवून विकण्याची पद्धत सर्रास आहे. आय-सेव्हन ३७७० निघाला तर तो २०१२ सालचा आहे. २०२२ मध्ये आलेल्या आय-थ्री १२१००एफ मध्येही तितकेच, म्हणजे ४ कोअर (प्रोसेसरमधले गणन करणारे भाग) आणि ८ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) आहेत आणि वेगात तो कितीतरी पुढे आहे. शिवाय विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे लागतो, विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट चालवायचा तर टीपीएम २.० व सिक्युअर बूट या दोन्ही सुरक्षा सोयी आवश्यक आहेत. ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ हेही तसेच मोघम आहे. २०१४ सालचे जीटी ७३० सुद्धा ४ जीबीमध्ये मिळत असे, पण त्यावर नवे गेम सुरू करण्यात अर्थ नाही.

खरेदीची आखणी ग्राफिक्स कार्डापासून करावी आणि साधारण चाळीस टक्के रक्कम त्यासाठी बाजूला ठेवावी. फुल एचडीसाठी रेडिऑन आरएक्स ६६०० या वर्गातले ८ जीबीचे कार्ड पुरेसे आहे. आरटीएक्स ३०५० घेणार असाल तर ८ जीबीचेच घ्या. त्याच नावाच्या ६ जीबी आवृत्तीत फक्त मेमरीच नव्हे, तर कोअरही कमी आहेत. प्रोसेसर म्हणून रायझन ५ ५६०० किंवा वर सांगितलेला आय-थ्री, यांपैकी जो मदरबोर्डसह स्वस्त पडेल तो घ्यावा. मात्र या दोहोंत अंगचे ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्ड बसवल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. जुन्या साठ्यातला बी४५० मदरबोर्ड मिळत असेल, तर त्याचे बायोस (मदरबोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर) ५६०० साठी अद्ययावत करून देण्याची अट दुकानदाराला आधीच घाला.

आता एसएमपीएस, म्हणजे मशीनच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. आपल्याकडे सर्वांत जास्त काटकसर याच भागात होते आणि सर्वांत कमी व्हायला हवी तीही इथेच. परभणीत एका नातेवाइकाच्या मशीनमध्ये कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस मी पाहिला. बाजूला ठळक अक्षरांत ४५० वॉट छापलेले होते. पण खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर एवढेच होते. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट आणि ५६०० ला पूर्ण भारावर सुमारे ८८ वॉट धरले, तर २२० वॉट इथेच झाले. गेम रंगात आला की मशीन बंद पडते, मग दोष विंडोजला दिला जातो. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर याच रकान्यात ४३ ते ४५ अँपिअर दिसतात. ‘८० प्लस’चा शिक्का विजेची बचत किती होते एवढेच सांगतो, सुटे भाग कसे आहेत ते सांगत नाही, म्हणून तक्ता वाचा आणि किमान पाच वर्षांची वॉरंटी मागा.

उन्हाळ्यात मराठवाड्यात विजेचा दाब किती वरखाली होतो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. मॉनिटरसह हे मशीन गेम चालू असताना तीनशे वॉटच्या आसपास वीज घेईल. ६०० व्हीएचा यूपीएस साधारणपणे ३६० वॉटच देतो, म्हणजे तो काठावर चालेल; १००० व्हीएचा घ्यावा. घरातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हे मशीन चालवण्याच्या भानगडीत पडू नका, आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला काच नको, जाळी हवी, कारण खोलीचे तापमान जितके वाढते, जवळपास तितकेच कार्डाचेही वाढते आणि मे महिन्यात आपल्या खोल्या कुठवर तापतात, ते काही लपलेले नाही. आरजीबीचे पैसे दोन जादा पंख्यांवर घाला.

रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्या. एकाच १६ जीबीच्या पट्टीने ड्युअल चॅनलचा, म्हणजे दोन पट्ट्या एकाच वेळी वापरण्याचा, लाभ मिळत नाही. मेमरीचे भाव २०२५ च्या अखेरीस भडकले, तेव्हा कोटेशन त्याच आठवड्यातले असू द्या. पैसे कमी पडले तर एनव्हीएमई एसएसडी (माहिती साठवणारी वेगवान डिस्क) १ टीबीऐवजी ५०० जीबीची घ्या. हार्ड डिस्क पुढेमागे जोडता येते.

नांदेडला एक सोय अशी आहे की देवगिरी एक्स्प्रेसने एकीकडे सिकंदराबाद आणि दुसरीकडे मुंबई गाठता येते, आणि मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात निदान भाव तरी कळतात. पण दोन-तीन हजारांच्या फरकासाठी एवढा प्रवास करावा, असे मला वाटत नाही. कार्ड आणि प्रोसेसरचे बाहेरचे भाव दाखवून याच दुकानदाराकडे नवे कोटेशन मागा, त्यात प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल लिहायला सांगा, आणि घेताना जीएसटीच्या बिलावर कार्डाचा व एसएमपीएसचा सिरियल क्रमांक टाकून घ्या. तो नकार देत असेल तर दुसरे दुकान पाहा. मशीन घरी आल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावा आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. नाहीतर ३२०० ची रॅम बहुधा २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहील.