जर्मनीला यायच्या आधी नवऱ्याला तास विचार

ताई म्हणून विचारलंस, तर ताईसारखंच सांगते. जर्मनीत कामाच्या वयाच्या चारातल्या जवळजवळ तीन बायका नोकरी करतात, मग मुलगी सांभाळून माझंही काम चालू राहील ना, हा तुझा प्रश्न. व्हिसा, विमा वगैरे वकिलात सांगेलच.

त्या तिघींत मीही मोडते गं. सहा वर्षं बेकरीच्या काउंटरवर उभी होते, आठवड्याला बारा तास. इथल्या गणनेत आठवड्यात एक तास पगारी काम केलं तरी बाई कमावती. तू दुसरा आकडा बघ: 2022 मध्ये लहान-शाळकरी मुलं असलेल्या नोकरदार आयांपैकी 67 टक्के अर्धवेळ होत्या, बापांपैकी 9 टक्के.

बडोद्याच्या युनिव्हर्सिटीची आहारशास्त्रातली एम.एस्सी. माझी, दवाखान्यात पाच वर्षं काम केलेलं. इथे पदवीची मान्यता काढायला गेले तर गुणपत्रिकांवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, लग्नाचा दाखला गुजरातीत. भाषांतरात बाबांच्या नावाचं एक अक्षर चुकलं आणि फाइल परत आली. आई बिचारी दांडिया बाजारातून तीनदा रिक्षा करून कॉर्पोरेशनमध्ये गेली. तू निघायच्या आधी सगळ्या कागदांवर नाव एक करून घे. एकूण एक कागद.

तेवढ्यात मुलगी झाली. वर्षाच्या मुलाला पाळणाघराचा हक्क 1 ऑगस्ट 2013 पासून कायद्यात आहे. आम्हाला जागा मिळाली चौदा महिन्यांनी, तीही दुपारी दोनपर्यंत. दोनला मुलीला घ्यायला जाणारी मीच, कारण नवऱ्याचा पगार जास्त. त्याच कारणाने मी पाचव्या करवर्गात, म्हणजे माझ्या पगारातून करकपातही जास्त. मग फाइल कपाटात गेली ती गेलीच.

एकटेपणाचं म्हणशील तर सवय होते. शाळेची मात्र नाही झाली.

बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या करतात. माझी लेक गणितात वर्गात पुढे, पण बाईंनी वही उघडून दाखवली: डेर, डी, दास, म्हणजे जर्मन नामांची लिंगं दाखवणारे शब्द, सगळीकडे पेन्सिलीची वर्तुळं. विद्यापीठाकडे नेणाऱ्या वरच्या शाळेची शिफारस नाही दिली. म्हणाल्या, घरी जर्मन बोला. मी मान डोलावली. सहा महिने पोटच्या मुलीशी मराठी बोलले नाही. कोणी जबरदस्ती केली नव्हती, मीच घाबरले होते. शिफारस तरीही मिळाली नाहीच.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, म्हणून माझी पणजी शाळेत गेली. तिची मोडक्या अक्षरातली पत्रं आहेत माझ्याकडे. लेकीला ती वाचता येत नाहीत. फोनवर आजीला सगळं समजून घेते, उत्तर जर्मनमध्ये देते, आणि आई मला विचारते, काय म्हणाली गं?

तेव्हा तू ये, पण नवऱ्याला आत्ताच विचार, आठवड्याचे किती तास तो कमी करणार. आकडाच सांगायला लाव. आणि येताना बाराखडीची दोन पुस्तकं आण, एक माझ्याकडे दे.