मा रेनीच्या नाटकात मधेच बोलणारे प्रेक्षक

तुमचा प्रश्न असा आहे: मुलाकडे शिकागोला आलात, ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ हे नाटक बघायला गेलात. शेजारच्या कृष्णवर्णीय बायका प्रयोग चालू असताना ‘हं-हं’, ‘सांग, सांग’ असं मोठ्यानं म्हणत होत्या, लोक भलत्याच जागी हसत होते आणि शेवटी खून झाल्यावर बराच वेळ टाळ्याच वाजल्या नाहीत. ही बेशिस्त म्हणायची की इथली रीत?

रीत. मला ती कळायला उशीर लागला, आणि कळली तीही एक चूक केल्यावर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मूळचा सांगलीचा, नोकरीच्या निमित्तानं चौदा वर्षं शिकागोत आहे. इथल्या बऱ्याच नाट्यगृहांत स्वयंसेवक डोअरकीपर घेतात. तिकिटं बघायची, टॉर्चनं जागा दाखवायची, माहितीपत्रक हातात द्यायचं आणि त्या बदल्यात प्रयोग फुकट बघायचा. तिकीट परवडत नव्हतं तेव्हा हे सुरू केलं, मग सुटलंच नाही. हे नाटक मी एका छोट्या नाट्यगृहात असं अकरा वेळा पाहिलं. मागच्या भिंतीला टेकून उभा असल्यामुळे रंगमंचाइतकेच प्रेक्षकही पाहिले.

ज्यांनी नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑगस्ट विल्सन यांचं हे नाटक १९८४ च्या एप्रिलमध्ये येल रेपर्टरी थिएटरात झालं आणि ऑक्टोबरात ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर आलं. काळ १९२७ चा, स्थळ शिकागोतला रेकॉर्डिंग स्टुडिओ. मा रेनी ही खरोखर होऊन गेलेली गायिका, ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गाण्याच्या प्रकारात ‘ब्लूजची आई’ म्हणून गाजलेली. तिची वाट बघत चार वादक तालमीच्या खोलीत बसलेत. स्टुडिओचा मालक गोरा, तिचा मॅनेजर गोरा. तसं बघायला गेलं तर बराच वेळ फारसं काही घडतच नाही. कोका-कोला मागवला जातो, माच्या तोतऱ्या भाच्याला चार ओळी नीट म्हणता येत नाहीत, पैशांवरून हुज्जत होते. आणि शेवटी तरुण ट्रम्पेटवादक लेव्ही आपल्याच बँडमधल्या टोलिडोला, पियानोवाल्याला, सुरा मारतो. कारण काय, तर त्याच्या नव्या कोऱ्या बुटावर टोलिडोचा पाय पडला.

आता माझी चूक. पहिल्याच आठवड्यातला प्रयोग होता. डावीकडे पाचव्या रांगेत सत्तरीच्या दोन बायका, एकीच्या डोक्यावर चर्चला घालतात तसली जांभळी हॅट. पहिल्या अंकाच्या शेवटी लेव्हीचं मोठं स्वगत आहे. मालकासमोर ‘येस सर’ करतोस म्हणून बाकीचे वादक त्याची टर उडवतात, आणि तो एकदम उसळून सांगायला लागतो: मी आठ वर्षांचा होतो, बाप शेतीच्या कामासाठी गावाला गेला होता, आणि गोऱ्यांची टोळी घरात घुसून माझ्या आईवर तुटून पडली. मी सुरी घेऊन धावलो, तर त्यांनी माझ्याच छातीवर वार केला. बाप परत आला तो हसतमुखानं, त्या टोळीतल्याच एकाला त्यानं जमीन विकली, आम्हाला दुसरीकडे नेऊन ठेवलं, मग एकटाच मागे गेला आणि पकडला जायच्या आत चार जणांना मारलं. जांभळ्या हॅटवाल्या आजी आधी नुसतं ‘हं’ म्हणाल्या. मग ‘अरे देवा’. मग बाप हसून जमीन विकतो त्या जागी, अगदी हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं: ‘ठाऊक आहे रे, ठाऊक आहे.’

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी दोनदा वळून पाहिलं आणि मध्यंतरात तक्रार केली. वरिष्ठांनी मला पाठवलं. मी खाली वाकून, जमेल तितक्या नम्रपणे, ‘जरा हळू बोलाल का’ म्हणालो. आजींनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, ‘बरं, बाळा’ म्हणाल्या आणि दोन्ही हात पर्सवर ठेवून बसल्या. दुसऱ्या अंकात त्या कोपऱ्यातून हूं की चूं आलं नाही. लेव्ही सुरी उपसून थेट देवाला आव्हान देतो, माझी आई तुला हाका मारत होती तेव्हा तू कुठे होतास म्हणतो, तिथेसुद्धा नाही.

प्रयोग संपल्यावर लेव्हीचं काम करणारा नट बाहेर आला आणि त्यानं पहिलं विचारलं, ‘डावीकडच्या बायका मध्यंतरात गेल्या का?’ मी खरं ते सांगितलं. तो चिडला नाही, हेच मला जास्त लागलं. म्हणाला, ‘मी त्यांच्याशी बोलत होतो. त्या गप्प झाल्या आणि मला सगळं एकट्यानं ओढावं लागलं.’

त्या रात्री घरी जाताना मला आपला पोवाडा आठवला. शाहीर ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ करून ती उचलतात. झील काढून टाका आणि मग पोवाडा म्हणून बघा, दोन कडव्यांत शाहिराचा दम जातो. कृष्णवर्णीय चर्चमध्ये पाद्री आणि माणसं यांच्यात हेच चालतं. तो अर्धं वाक्य बोलून थांबतो आणि उरलेलं बाकांवरून येतं. जांभळ्या हॅटवाल्या आजी झील धरत होत्या, आणि मी जाऊन ती बंद केली.

ब्लूजचं आणि चर्चचं नातं किती जवळचं आहे ते एका माणसावरून कळतं. १९२४ च्या सुमारास मा रेनीच्या बँडचा प्रमुख होता थॉमस डॉर्सी. हाच डॉर्सी पुढे गॉस्पेल संगीताचा, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांचा जनक म्हणून ओळखला गेला आणि शिकागोच्याच पिल्ग्रिम बाप्टिस्ट चर्चमध्ये त्यानं कित्येक वर्षं संगीत सांभाळलं. त्यानं सांगितलेली आठवण आहे: रंगमंचावर माणसाहून उंच ग्रामोफोन उभा असायचा, आतून माचा आवाज यायचा, मग त्याचं दार उघडून सोन्याच्या नाण्यांची माळ घातलेली मा स्वतः बाहेर पडायची आणि थिएटर डोक्यावर घेतलं जायचं. शिकागोत आणि दक्षिणेतल्या तंबूंत तिच्यासमोर बसलेले लोक हातांची घडी घालून ऐकत नव्हते. तेव्हा तुमच्या शेजारच्या बायकांची सवय नाटकाच्या विषयाहूनही जुनी आहे.

आता ‘भलत्या जागी’ हसण्याबद्दल. कोका-कोलाच्या प्रसंगाला सगळेच हसतात, पण नीट ऐकलंत तर ती दोन हसणी आहेत. मा म्हणते, थंडगार कोक आल्याशिवाय मी गाणार नाही, आणि सगळं रेकॉर्डिंग अडून राहतं. काहींना ती नखरेल बाई म्हणून हसू येतं. काहींना मालकाचं तोंड बघून येतं, कारण या इमारतीत तिचं फक्त एवढंच चालतं हे त्यांना माहीत असतं. ती थोड्या वेळानं तेच बोलूनही दाखवते, की यांना माझ्याशी देणंघेणं नाही, यांना फक्त माझा आवाज हवाय. त्या वाक्याला पहिलं हसणं एकदम थांबतं. अकराही वेळा थांबलं.

पैशाच्या जागेचंही तसंच. भाच्याचे कबूल केलेले पंचवीस डॉलर वेगळे मिळाल्याशिवाय मा पुढे सरकत नाही, आणि कटलर हा वादक चेक नको, रोख द्या म्हणतो, कारण काळ्या माणसाचा चेक वटवून घेणं हाच एक व्याप. तिथे तुमच्या शेजारणी हसल्या असतील आणि तुम्हाला काही उमगलं नसेल. माझे मामा वीस वर्षं तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचे. फडमालकाकडून घेतलेली उचल फेडता फेडता पुढचा हंगाम कसा बांधला जातो ते त्यांनी भोगलंय. फोनवर त्यांना हा प्रसंग सांगितला, तर ते नेमके त्याच जागी हसले, आणि मग म्हणाले, ‘बाई हुशार. आधी पैसा, मग सही.’ पैसे मिळेपर्यंत ती खरंच सही करत नाही, हे मी त्यांना सांगितलंही नव्हतं.

खऱ्या मा रेनीनं १९२३ ते १९२८ मध्ये पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीसाठी शंभराच्या आसपास गाणी मुद्रित केली. पॅरामाउंट ही विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची शाखा होती. त्यांची मूळ ओढ लाकडी फर्निचर आणि ग्रामोफोनची कपाटं खपवण्याकडे. कलाकार गाण्यासाठी जीव टाकतोय आणि समोरच्याच्या हिशेबात ते कपाटाबरोबर जाणारं सामान आहे, ही गोष्ट मनात ठेवून शेवटाकडे बघा. लेव्हीनं स्वतःच्या चालींची गाणी लिहून आणलेली असतात, स्वतःचा बँड काढायचा असतो. मालक म्हणतो, ही चालायची नाहीत, पण दर गाण्याला पाच डॉलर देतो. लेव्ही सुरा उपसतो तो त्या मालकावर नाही. मालक दार लावून केव्हाच निघून गेलेला असतो. समोर टोलिडो असतो.

म्हणून टाळ्या येत नाहीत. आधी दोन तास त्या बुटांवरून प्रेक्षक खदखदून हसलेले असतात. बूट पुसतोय, कौतुक करतोय, कुणी जवळ आलं की पाय मागे घेतोय. हसणाऱ्यांत मीही होतो. मग तेच बूट, आणि खाली माणूस पडलेला. दिवे गेल्यावर मी एकदा मनात आकडे मोजले होते, पहिली टाळी सतराव्या आकड्याला आली. आदल्या रात्री त्याहून लवकर आली होती आणि ती ऐकून मला कसंतरीच झालं. इथे थांबून राहणं हीसुद्धा दादच आहे.

इथे सगळ्यांना ही रीत मान्य आहे असं मात्र समजू नका, वाद जुना आहे. नाटककार डॉमिनिक मोरिसो यांनी तर आपल्या नाटकाच्या माहितीपत्रकात प्रेक्षकांसाठी चक्क परवानगी छापली, की मोकळेपणानं हसा, ‘हं-हं’ म्हणा, चर्चमध्ये देता तशी साथ द्या. २०१९ मध्ये ब्रॉडवेवर ‘स्लेव्ह प्ले’ या नाटकाचा एक प्रयोग कृष्णवर्णीय प्रेक्षकांनाच बोलावून झाला, ८०४ च्या ८०४ खुर्च्या. त्यावर टीकाही झाली. मला विचाराल तर, आपल्या शेजाऱ्याला खटकेल या धास्तीशिवाय एक संध्याकाळ नाटक बघायला मिळावं, यात गैर काही नाही. त्या आजींना ‘जरा हळू’ सांगून आलेला माणूस म्हणून बोलतोय.

आणि प्रेक्षकाला काय सोसेल याची काळजी या कलाकारांना किती महागात पडली तेही पाहा. ॲलिस चिल्ड्रेस यांचं ‘ट्रबल इन माइंड’ कृष्णवर्णीय नटांबद्दलचंच नाटक आहे. गोऱ्या दिग्दर्शकाच्या हाताखाली, न पटणाऱ्या भूमिकांच्या तालमी करणारे नट. १९५५ साली न्यूयॉर्कच्या एका छोट्या रंगमंचावर ते गाजलं. ब्रॉडवेच्या निर्मात्यांनी बदल मागितले, शेवट गोड हवा होता. बाईंनी नकार दिला. नाटक ब्रॉडवेवर आलं २०२१ मध्ये. बाई १९९४ मध्येच गेल्या होत्या.

तुम्ही आणखी काही दिवस इथे असाल आणि प्रयोग चालू असतील तर परत एकदा जा. शनिवारची रात्र नको, रविवारी दुपारचा प्रयोग धरा. बरेच लोक चर्चमधून तसेच येतात, हॅटसकट, आठ-दहा जणांच्या घोळक्यानं. पुढची जागा घेऊ नका, मधल्या रांगांत त्यांच्या मागे बसा. पहिल्या अंकात लेव्हीचं स्वगत सुरू झालं की थोडा वेळ त्याच्याकडे न बघता नुसतं रांगांकडे कान द्या. तुमच्या तोंडून ‘हं’ निघालं तर निघू द्या, कुणी डोअरकीपर आता तुम्हाला गप्प करायला येणार नाही.