सायप्रसमध्ये चार दिवस आहोत. खिरोकितियाचं नवाश्मयुगीन गाव बघायला अर्धा दिवस घालवावा का?

घालवा. फक्त जमलं तर आधी निकोसियाचं सायप्रस म्युझियम बघा आणि मग तिकडे जा. मी उलटं केलं होतं, म्हणून सांगते.

नवरा लिमासोलला जहाजांच्या कंपनीत होता तेव्हा आम्ही तीन वर्षं तिथे राहिलो. पहिल्यांदा गेलो ते जुलैत, भर दुपारी, सासूबाईंना घेऊन, आणि माझ्या पायात साध्या चपला. गाव टेकडीच्या उतारावर आहे, चढ खडा, सावली नावाला नाही. वर पोचल्यावर कंबरेएवढ्या दगडी वर्तुळांकडे बघत सासूबाई म्हणाल्या, "इतक्या विहिरी कशाला गं खणल्या यांनी?" मला काही सांगता आलं नाही. वीस मिनिटांत आम्ही खाली.

दुसऱ्यांदा नोव्हेंबरात गेले, म्युझियम बघून. तेव्हा तीच वर्तुळं घरं दिसायला लागली.

फाटकाजवळच त्यांनी काही घरं नव्याने बांधून ठेवली आहेत. बरेच जण तिथेच फोटो काढून परततात, तसं करू नका. पण आत डोकवाच. माझं माहेर सोलापूरकडचं, त्यामुळे मी आधी छताकडे पाहिलं. लाकडं, त्यावर काटक्या, वर चोपलेली माती. आमचं माळवदच की! पूर्वी संशोधकांना वाटायचं की या घरांना घुमट असणार. पुढे उत्खननात कोसळलेल्या सपाट छताचे अवशेष मिळाले आणि घुमट गेला.

वर चढलात की भिंतींची जाडी बघा. मोठ्यात मोठं घर बाहेरून नऊ मीटरच्या आसपास, पण आतली जागा पाच मीटरसुद्धा नाही. बाकी सगळी भिंत. अशा तीन-चार खोल्या मिळून एक बिऱ्हाड, मध्ये उघडं अंगण आणि तिथे दळायचा दगड. जातं नव्हे, आपल्या पाट्यासारखा, पुढे-मागे घासायचा. हे सगळं इसवी सनापूर्वी सातव्या सहस्रकातलं. मडकी अजून आलेली नव्हती, म्हणून भांडीसुद्धा दगडाची. म्युझियममध्ये ती नीट बघा. करड्या दगडाचं वाडगं, त्याला चक्क ओतायला तोटी. लोखंड नाही, तांबं नाही, दगडाने दगड घासून काढलेली तोटी! मी त्या कपाटासमोरून हलेचना.

आणि म्हातारे-कोतारे, लेकरं, जे गेले ते घरातच. जमिनीत खड्डा करायचा, पाय पोटाशी घेऊन निजवायचं, कधी छातीवर किंवा डोक्यावर जड दगड ठेवायचा, सोबत मुद्दाम फोडलेलं दगडी वाडगं. मग वरून जमीन सारवून त्याच घरात राहायचं. ऐकून अंगावर काटा आला असेल तर आपलं इनामगाव आठवा. डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठी खणलं तेव्हा तिथेही घरांच्या जमिनीखालीच माणसं पुरलेली निघाली, लहान मुलं तर दोन कुंभांची तोंडं जोडून आत ठेवलेली. इनामगाव त्यामानाने कालचं, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण मला त्या वर्तुळात उभं राहून तेच आठवलं.

खणायला सुरुवात पोर्फिरिओस डिकायोस यांनी 1930च्या दशकात केली, पुढे फ्रेंच पथक आलं, 1998 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव गेलं. ही माहिती फलकांवर मिळेलच. फलकावर वाचून न कळणारी गोष्ट म्हणजे गावाभोवतीचा तट. पहिला तट अपुरा पडला तशी वस्ती पश्चिमेला पसरली आणि नवा तट घातला. शाळा-राजवाडा काही नसलेल्या गावाने एवढी दगडं वाहून आणायची म्हणजे कुणीतरी "चला रे" म्हणणारं असणारच, असं आपलं माझं मत.

आता कामाचं. लिमासोल-निकोसिया महामार्गाला लागूनच आहे, लार्नाकाहून गाडीने अर्धा-पाऊण तास. गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालवतात, त्यामुळे भाड्याची घ्यायला घाबरू नका. बूट घाला, पाणी न्या, उन्हाळ्यात सकाळी उघडताच पोचा. दीड तास पुरतो. पाटीवर नाव शोधताना आणि रस्ता विचारताना लक्षात ठेवा, सुरुवातीचा उच्चार 'ख' आणि 'ह'च्या मधला आहे. मी ठणठणीत 'ख' म्हणायचे आणि लोक गोंधळायचे.

सोबत वयस्कर कुणी असेल, चढ झेपणार नसेल, तर जवळच कालावासोसला तेंता नावाचं त्याच काळातलं गाव आहे. त्यावर मोठं शंकूसारखं छप्पर घातलंय, महामार्गावरूनच दिसतं. सासूबाईंना पुढच्या खेपेला मी तिकडेच नेलं. सावलीत निवांत उभ्या राहिल्या, आणि या वेळी विहिरींबद्दल काही बोलल्या नाहीत.