म्युनिकचा नियम, एडिंबराचा नियम आणि सांगलीची फोडणी

प्रश्न : माझा मुलगा म्युनिकमध्ये भाड्याच्या घरात राहतो. तेथे झोपण्याच्या खोल्यांत आणि बोळात स्मोक अलार्म आहेत. एडिंबरामध्ये राहणाऱ्या मुलीकडे मात्र ते बोळात, बैठकीत आणि स्वयंपाकघरात आहेत. आग सगळीकडे सारखीच, मग नियम वेगळे कसे? आमच्या बैठ्या घरातही अलार्म बंधनकारक आहे काय? फोडणी घातली की तो वाजेल, अशी घरात धास्ती आहे.
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दोन्ही घरे आपापल्या ठिकाणच्या कायद्याला धरूनच आहेत. जर्मनीत हा विषय राज्यांच्या बांधकाम कायद्यांकडे असून म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियाने जुन्या घरांना २०१७ अखेरपर्यंत मुदत दिली होती. झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागे करीत नाही, म्हणून तेथे शयनगृहे, मुलांच्या खोल्या आणि बाहेर पडण्याचा बोळ यांवर भर आहे. उपकरण बसविणे घरमालकाचे काम. ते चालू स्थितीत ठेवणे मात्र, मालकाने ती जबाबदारी स्वतःकडे घेतलेली नसेल तर, भाडेकरूचे. हे चिरंजीवांनी घरमालकाला विचारून घ्यावे.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ मध्ये लागलेल्या आगीनंतर एडिंबरा जेथे आहे त्या स्कॉटलंडने नियम कडक केले. १ फेब्रुवारी २०२२ पासून तेथे, घर स्वतःचे असो वा भाड्याचे, सर्वाधिक वावराच्या खोलीत व प्रत्येक मजल्याच्या बोळात स्मोक अलार्म, स्वयंपाकघरात हीट अलार्म (उष्णता वाढली की वाजणारा), आणि हे सर्व एकमेकांना असे जोडलेले की एक वाजला की सगळे वाजावेत, अशी अट आहे. शेजारच्या इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात प्रत्येक राहत्या मजल्यावर किमान एक स्मोक अलार्म पुरतो. फ्रान्समध्ये २०१५ पासून घरटी एक. आमच्या मते यांत स्कॉटलंडची रचनाच सर्वांत विचारपूर्वक आहे.

आपल्याकडे स्वतःच्या बैठ्या घराला अशी सक्ती नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याचा रोख मुख्यतः उंच इमारती आणि गर्दीच्या वास्तूंवर आहे. तरीही अलार्म बसवावयाचा असल्यास घरातील धास्ती रास्त समजावी. स्वयंपाकघरात हीट अलार्मच घ्यावा, कारण तो धुराने नव्हे तर वाढलेल्या तापमानाने वाजतो आणि मिरचीच्या ठसक्याची दखल घेत नाही. स्मोक अलार्म झोपण्याच्या खोल्यांबाहेर, छताला आणि देवघरातील धूप-उदबत्तीपासून दूर लावावा, व महिन्यातून एकदा त्याचे चाचणीचे बटण दाबून पाहावे.