वळचणीतले पोळे आणि बांधातले बीळ

प्रश्न : आमचे घर दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेला लागून आहे. ओसरीच्या वळचणीला गांधीलमाश्यांनी कागदासारखे पोळे केले आहे. शिवाय विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर, बांधातल्या एका बिळातून रुंद पिवळ्या पट्ट्याच्या मोठ्या माश्या सतत ये-जा करतात. वडील टेंभा लावून दोन्ही जाळायचे म्हणतात. मुलाने परदेशी माहिती वाचली, तिच्यानुसार अशी पोळी थंडीत आपोआप ओस पडतात. थंडीपर्यंत थांबावे का?

उत्तर : मुलाने वाचले ते खोटे नाही, पण ते वेगळ्या माशीविषयी आहे. युरोप-अमेरिकेत जमिनीत पोळे करणाऱ्या ज्या पिवळ्या गांधीलमाश्यांबद्दल लिहिले जाते, त्यांच्या वसाहती कडाक्याच्या थंडीत मरतात आणि केवळ फळलेल्या राण्या आडोशाला तगून राहतात. आपल्या देशात त्या प्रकारच्या माश्या हिमालयाच्या थंड पट्ट्यात आढळतात, नाशिकच्या शिवारात नव्हे. इकडच्या काही जातींची पोळी वर्षभर नांदती असतात, त्यामुळे निफाडच्या गारठ्यावर भिस्त ठेवून बसणे योग्य ठरणार नाही.

तुमच्या दोन पोळ्यांना एकच न्याय लावू नये. वळचणीतले पोळे लाकडाचा भुगा लाळेत कालवून केलेले असते, त्याची घरे उघडी दिसतात आणि त्यातील माश्या बहुधा पोळ्याला धक्का लागल्याखेरीज अंगावर येत नाहीत. उलट पिल्लांसाठी त्या बागेतील अळ्या टिपून नेतात. ते ये-जा करण्याच्या वाटेपासून उंचावर आणि दूर असेल तर मी ते राहू देईन. भिंतीवर मातीचे मडके करणारी कुंभारीण एकटीच राहते, तिला हात लावण्याचे तर काहीच कारण नाही. ओसरीत मात्र मुले खेळत असतील, तर पोळे काढावेच लागेल.

बांधातल्या बिळाची गोष्ट निराळी आहे. त्या मोठ्या माश्या बिळाजवळच्या पावलांनी किंवा कुदळीच्या हादऱ्याने चवताळतात, आणि मधमाशीप्रमाणे त्यांची नांगी अंगात अडकून राहत नसल्यामुळे एकच माशी अनेकदा डसू शकते. तेथे रॉकेल किंवा पेट्रोल ओतून पेटवू नये : आग भडकते, जमीन नासते, विहीर जवळ असल्यास पाण्यालाही धोका पोचतो. बीळ दगडमातीने बुजवणेही उपयोगाचे नाही, कारण माश्या दुसरी वाट उकरतात. बागेसाठी आणलेले औषध फवारण्याचा मोह टाळा. सर्व माश्या आत परतल्यावर, म्हणजे पूर्ण अंधार पडल्यावर, कीडनियंत्रणाचे काम जाणणाऱ्या माणसाकडून पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक भुकटी बिळाच्या तोंडाशी टाकून घ्यावी आणि तोंड उघडेच ठेवावे, म्हणजे ये-जा करणाऱ्या माश्या ती अंगावरून आत नेतात. काही दिवस एकही माशी दिसली नाही, तरच बीळ भरावे. वळचणीचे कामही रात्रीच, शिडीवर एकट्याने न चढता करावे. तोवर विहिरीची वाट बदला.

माश्या अंगावर आल्यास हात न झाडता सरळ घरात पळून दार लावावे. विहिरीत उडी घेण्याचा अविचार करू नये. डसलेली जागा साबणाने धुवून बर्फाने शेकावी, अंगठ्या-बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. लोखंड घासणे आणि चुना लावणे यांत वेळ घालवू नये. श्वास कोंडला, ओठ-चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली, किंवा डंख पुष्कळ असले तर लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा तीव्र ॲलर्जीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन वेळेत मिळावे लागते. अनेक डंखांचे विष मूत्रपिंडांनाही इजा करते, म्हणून बरे वाटले तरी अशा रुग्णाची तपासणी चुकवू नये.

वडिलांना एवढे अवश्य सांगा की टेंभ्याची ठिणगी पाचटावर किंवा वाळलेल्या काडीकचऱ्यावर पडली, तर माश्यांहून मोठे संकट ओसरीत येईल. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला, म्हणजे फळधारणेसाठीच्या वेलछाटणीला, मजूर येण्यापूर्वी मांडवाखालून एकदा सकाळी सावकाश फिरून वेलींवर व लोखंडी अँगलच्या खाचांत पोळी आहेत का ते पाहून घ्या. कात्री चालवताना हात नेमका तिथेच पडतो.